उंचीचा पास

मालकाने ट्रॉलर विकला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि मला विंच चालवण्यापलीकडे काही येत नव्हतं. विंच म्हणजे जाळं ओढणारं यंत्र. बोटीचा प्रमुख, तांडेल, उभा राहून हात वरखाली करायचा आणि मी दांडा धरून जाळं सोडायचो नाहीतर घ्यायचो. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या हाताकडे बघून काम केलं. बोट मिरकरवाडा बंदरातून गेली ती दुसऱ्या बंदराला लागली. नव्या मालकाचे खलाशी त्याचे त्याचे होते. आमच्याकडच्या बाकीच्या बोटींवर नेपाळहून आलेली माणसं भरलेली. ती मोसमभर बोटीवरच राहतात, दुपारी घरी जेवायला पळत नाहीत, मालकांना सोयीची पडतात. दोन महिने मी रोज सकाळी जेटीवर जाऊन उभा राहिलो. मग जायचं बंद केलं.

आमचं गाव रत्नागिरीपासून रिक्षाने अर्ध्या तासावर, खाडीच्या काठाला. मोहल्ल्यात दोन घरं टाकून एक माणूस आखातात आहे, नाहीतर होता. माझा बापही तिकडेच राबला. त्याच्या सोबतीत मी काढलेले दिवस एका वहीच्या पानावर मावतील. म्हणून मी तिकडे जाणार नाही, हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं होतं. ते मी नाही, माझ्या बायकोने ठरवलं होतं.

तीच एक दिवस शेजारच्या चाचांकडे गेली. चाचांनी दुबईत वीस वर्षं टॉवर क्रेन चालवली होती. उंच इमारतीच्या अंगाला चिकटून जी लोखंडी क्रेन वर वर वाढत जाते, ती. तिच्या माथ्याशी एक काचेची केबिन असते, त्यात बसून. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि ते पडवीत खुर्चीवर बसून असत. बायको त्यांना काय म्हणाली मला माहीत नाही. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, बोट हलत असताना तू जाळं कसं सोडायचास. मी सांगितलं की लाट वर आली की थांबायचं, खाली गेली की सोडायचं. ते म्हणाले, मुंबईत आता साठ-सत्तर मजल्यांच्या इमारती चालल्यात, एकेका ठिकाणी तीन तीन क्रेन आहेत. क्रेनवाल्याला खालचं काही दिसत नाही. त्याला डोळे देणारा माणूस लागतो, त्याला सिग्नलमन म्हणतात. तो माल बांधतो आणि वॉकीटॉकीवरून वरच्याला सांगतो. "तू अकरा वर्षं दुसऱ्याच्या सांगण्यावर यंत्र चालवलंस," ते म्हणाले. "म्हणजे ऐकणाऱ्याला काय लागतं ते तुला ठाऊक आहे. आता सांगायला शीक."

शिकवणी त्यांच्या अंगणात झाली. फणसाच्या फांदीला त्यांनी एक कप्पी बांधून घेतली, दोरीला पाण्याने भरलेली बादली. दोरीचं दुसरं टोक धरून चाचा पडवीत अंगणाकडे पाठ करून बसत. मी बादलीजवळ उभा राहून मोबाइलवरून त्यांना सांगायचो. बादलीखाली एक वाटी, वाटीवर आडवा ठेवलेला तांदळाचा पापड. बादलीच्या बुडाने पापडाला शिवायचं, पण पापड मोडायचा नाही. पहिल्या आठवड्यात इतके पापड मोडले की बायकोने पुढचे द्यायला नकार दिला. मग चाचांच्या घरचे मोडू लागलो. मोहल्ल्यातली माणसं येताजाता थांबून बघत. दोन शेजारी, मध्ये तीस पावलं, आणि फोनवर बोलतात.

माझं चुकायचं ते एकाच जागी. बादली पापडाला टेकली की मी थांबा म्हणायचो. चाचा म्हणाले, "तू थांब म्हणतोस आणि माणूस थांबतो, यात एक श्वास जातो. तुला त्या श्वासाच्या आधी सांगायचंय." दुसरा नियम असा की वरच्या माणसाने प्रत्येक हुकूम परत बोलून दाखवायचा. तू खाली म्हणालास की त्याने खाली म्हणायचं. त्याने म्हटलं नाही तर समज, त्याने ऐकलंच नाही. महिनाभराने मी सलग दहा वेळा पापड राखला. त्या दिवशी चाचांनी दोरी सोडली आणि मला मुंबईला जायला सांगितलं.

मुंबईत आमच्या जमातीची एक खोली आहे. गावचा कुणीही कामासाठी आला तर तिथे पथारी टाकतो. आईने सोबत सुकी मासळी बांधून दिली होती, बोंबील आणि सोडे, वर आंब्याचं लोणचं. मी सकाळी निघून ज्या ज्या इमारतीवर क्रेन दिसे त्या त्या फाटकावर जायचो. माणसं कमी नव्हती आणि काम तर दिसतच होतं. पण फाटकावर कुणी काम देत नाही, हे कळायला मला आठ दिवस लागले. मजूर ठेकेदाराच्या टोळीतून येतात, टोळ्या बाहेरच्या राज्यांतून येतात आणि आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. एका फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला सरळच सांगितलं, इथे लोकल माणूस घेत नाहीत. का म्हणून विचारलं तर म्हणाला, कोकणातले लोक गणपतीला पळतात, मग शिमग्याला पळतात. मी म्हटलं, मी मुसलमान आहे. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग ईदला पळाल." तो स्वतः साताऱ्याकडचा होता आणि पुढच्या आठवड्यात गावच्या जत्रेला निघाला होता. ते त्यानेच मला बोलता बोलता सांगितलं.

मी चाचांना फोन केला. ते चिडले. फाटकावर विचारायला तुला कुणी सांगितलं, म्हणाले. वर बघ. क्रेनच्या लांब हातावर पाटी असते. त्यावर क्रेनच्या मालकाचं नाव आणि फोन असतो. इमारत बांधणारा वेगळा आणि क्रेन भाड्याने देणारा वेगळा. तुला क्रेनवाल्याकडे जायचंय.

पुढचे चार दिवस मी मान वर करून मुंबईत हिंडलो. पाट्या वाऱ्याने फिरायच्या, आकडे उलटे व्हायचे, एखादी क्रेन तोंड फिरवेपर्यंत रस्त्याच्या कडेला पाऊण तास थांबावं लागे. वहीत सात नंबर झाले. दोघांनी फोन उचलला नाही, तिघांनी सर्टिफिकेट आहे का विचारून ठेवून दिला. सहाव्याने सांगितलं, नव्या मुंबईत चार दिवसांचा कोर्स असतो, तो करून सर्टिफिकेट घेऊन या, मग बघू. तो केला. कोर्समध्ये बावीस माणसं होती आणि त्यात मराठी बोलणारा मी एकटा.

मग यार्डात मुलाखत झाली. समोर सेफ्टी ऑफिसर बाई होत्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, डोक्यावर पांढरं हेल्मेट. अनुभव काय, त्यांनी विचारलं. मी ट्रॉलर म्हणालो. फॉर्मवर त्याच्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि समोर पडलेल्या लोखंडी पाइपांकडे बोट केलं, हे बांधून दाखवा. मी बांधले. त्यांनी गाठीला पाय लावून बघितलं, मग पाइपांचा जुडगा थोडा वर उचलायला लावला. एकही पाइप सरकला नाही. जाळ्याला हीच गाठ असते का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जवळपास हीच, फक्त ती ओली असते. त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि मला डॉक्टरकडे पाठवलं.

उंचावर काम करायला पास लागतो. डॉक्टर रक्तदाब, साखर, डोळे, कान तपासतो, डोळे मिटून एका पायावर उभं करतो, मग जमिनीपासून माणूसभर उंच फळीवरून चालायला लावतो. फळीवरून मी बोटीच्या कठड्यावरून चालावं तसा चाललो. नापास झालो तो रक्तदाबात. डॉक्टर म्हणाला, काय खाता? मी सांगितलं. तो हसला नाही. पंधरा दिवसांनी परत या म्हणाला, आणि ते सगळं बंद करा.

ते पंधरा दिवस मला चांगले आठवतात, कारण त्यात काही घडलं नाही. आईची पुरचुंडी मी खोलीतल्या बाकीच्यांना देऊन टाकली. त्यांनी ती माझ्यासमोर भाजून खाल्ली. मी अळणी डाळ आणि भात खायचो, सकाळ-संध्याकाळ समुद्राच्या कडेने चालायचो आणि उरलेला वेळ समोरच्या इमारतीवरची क्रेन बघत बसायचो. ती काय उचलते, कुठे थांबते, किती वेळ लागतो. घरी मी सांगितलं की कागदपत्रांचं चाललंय. पंधराव्या दिवशी रक्तदाब मर्यादेत बसला. डॉक्टरने शिक्का मारला. माझ्या फोटोखाली लाल अक्षरांत उंचीचा पास असं छापलेलं ते कार्ड मी गळ्यात घातलं आणि पहिला फोन चाचांना केला, दुसरा घरी. बायकोने नंतर मला तो क्रम ऐकवला.

पहिल्या दिवशी मी एकेचाळिसाव्या मजल्यावर उभा होतो. त्या मजल्याला भिंती नव्हत्या. खालून आलेला माल उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. सळ्या, लाकडी फळ्या, पाण्याची पिंपं. खाली रस्त्यावर दुसरा सिग्नलमन माल बांधायचा, वर मी घ्यायचो. आमच्याही वर, क्रेनच्या केबिनमध्ये ऑपरेटर. तो माणूस मला दिसत नसे. तो पहाटे आमच्या आधी शिडीने चढायचा आणि संध्याकाळी आमच्या नंतर उतरायचा. डबा वरच नेत असे. माझ्यासाठी तो वॉकीटॉकीतला एक आवाज होता, जाड, न घाई करणारा. आवाजावरून मी तो माणूस धिप्पाड, मिशीवाला आणि उत्तरेकडचा असणार असं धरून चाललो होतो. साइटवर सगळे हिंदी बोलत. ऊपर, नीचे, धीरे, बस. तोही तेवढंच बोलायचा आणि माझा प्रत्येक शब्द परत बोलून दाखवायचा.

तिसऱ्या आठवड्यात सळ्यांचा एक जुडगा खांबांच्या मधल्या अरुंद जागेत उतरवायचा होता. वारा होता. जुडगा फिरत होता आणि मी दोन माणसांना दोऱ्या धरायला लावून वर सांगत होतो. शेवटचं वीतभर अंतर उरलं तेव्हा माझ्या तोंडून आपसूक गेलं, "वायच खाली."

वायच म्हणजे थोडंसं. आमच्या बाजूला म्हणतात. मी जीभ चावली.  जुडगा जागच्या जागी लोंबत राहिला. मग तोच जाड आवाज आला.

"वायच म्हंजे किती? इंचात सांग."

मी म्हटलं, सहा इंच. जुडगा सहा इंच खाली आला आणि टेकला. हूक सुटल्यावर आवाजाने विचारलं, "गाव कंचा?" मी सांगितला. तो म्हणाला, "मी देवरूखच्या वरचा." आणि लगेच, "नेक्स्ट."

तिथून आमचं बोलणं बदललं. दोन मालांच्या मध्ये मिनिट-दोन मिनिटं मिळायची, तेवढ्यात. तो मला गाववाले म्हणायचा, मी त्याला दादा. हळूहळू एवढं कळलं की तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा आहे, त्याचे वडील गावच्या शाळेत मास्तर होते, घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांची फळी आहे आणि मास्तरांना मुलगा क्रेनवर चढलेला कधीच आवडला नाही. त्यांचं म्हणणं, शिकून वर जायचं असतं, शिडीने नाही. तो ते मास्तरांच्या आवाजात म्हणून दाखवायचा. एका क्रेनवरून दुसरीवर जात त्याला एकोणीस वर्षं झाली होती. त्याने उभारायला मदत केलेल्या इमारतींपैकी एकीतही तो नंतर कधी आत गेला नव्हता.

मी एकदा विचारलं, दादा, आपण भेटूया की एखाद्या रविवारी. तो म्हणाला, भेटून काय वेगळं बोलणार? आणि ते खरंच होतं.

पावसाळा संपून ऊन तापलं त्या दिवसांतली गोष्ट. दुपारी एकच्या सुमाराला सळ्यांचा मोठा जुडगा वर येत होता. मी थोडं डावीकडे म्हणालो. क्रेन डावीकडे गेली, पण त्याने शब्द परत बोलून दाखवला नाही. मी परत सांगितलं. क्रेन थांबली, आवाज नाही. मी म्हटलं, दादा, बोलून दाखवा. थोड्या वेळाने तो म्हणाला, हां. नुसतं हां. एकोणीस वर्षांच्या ऑपरेटरच्या तोंडी ते बसत नव्हतं. मी आमच्या बोलीत विचारलं, बरं नाय काय? तो म्हणाला, "हाताला मुंग्या आल्यात. घाम सुटलाय. जेवलो नाय आज." मग जरा वेळाने, "साखर हाय मला. कुणाक बोलू नको."

तोवर आम्ही सत्तेचाळिसाव्या मजल्यावर पोचलो होतो आणि जुडगा त्याच्या जरा खाली हवेत होता. जुडग्याच्या खाली, पंचविसाव्या मजल्याच्या सज्ज्यावर माणसं काम करत होती.

मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण नंतर मला ते तीनदा लिहून द्यावं लागलं. शेजारच्याला खालची माणसं हटवायला पाठवलं. मग दादाला जुडगा उतरवायला लावलं. लांब वाक्य बोललो नाही. एक शब्द, मग त्याने तो बोलून दाखवेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. वर. वर. बस. डावीकडे. बस. शब्द परत यायला वेळ लागत होता आणि मध्येच त्याचा आवाज विरत होता, जसा झोपेला आलेल्या माणसाचा विरतो. मी त्याला डब्यात गोड काही आहे का विचारलं. नाही म्हणाला. खाली, मी म्हटलं. खाली, तो म्हणाला. जुडगा मजल्यावर टेकला, एका बाजूने जरा आपटलाच, पण टेकला. दोन माणसांनी हूक सोडवला.

आता हवेत काही नव्हतं. इथपर्यंतचं सोपं होतं.

त्यानंतर माझ्यासमोर दोन रस्ते होते. आमच्या टोळीतला एक जण चपळ होता, त्याच्या हाती गुळाचा खडा किंवा सरबताची बाटली देऊन त्याला गुपचूप शिडीने वर पाठवता आलं असतं. दहा मिनिटांत दादाला बरं वाटलं असतं आणि कुणाला कळलं नसतं. दुसरा म्हणजे वॉकीटॉकीचा चॅनल बदलायचा आणि सगळ्या साइटला सांगायचं. तसं केलं की त्याचा उंचीचा पास जाणार. साखर लपवून मिळवलेला पास परत मिळत नाही.

मी किती वेळ विचार केला मला सांगता येणार नाही. फार नसावा. बोटीवर एकदा इंजिनमधला धूर तांडेलला सांगायला एकाने उशीर केला होता, ते डोक्यात आलं असं मी नंतर लोकांना सांगत असे. खरं म्हणजे काहीच डोक्यात आलं नाही. मी चॅनल बदलला आणि सांगितलं, ऑपरेटरला साखरेचा त्रास होतोय, एकट्याने उतरू शकणार नाही, माणसं पाठवा.

सेफ्टी ऑफिसर बाई स्वतः आल्या. मागे चार जण, दोऱ्या, पट्टे आणि एका खिशात ग्लुकोजची पाकिटं. ते वर गेले, त्याला आधी पाजलं, वीस-पंचवीस मिनिटं बसवून ठेवलं आणि मग पट्ट्याने बांधून एकेक पायरी उतरवलं. मी शिडीच्या पायथ्याशी उभा होतो. खाली आलेला माणूस बारीक, बुटका, गोल चष्म्याचा होता. शाळेतला मास्तर वाटावा असा. त्याने माझ्या छातीवरच्या कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे.  आम्ही पहिल्यांदा एकमेकांना बघितलं ते असं.

त्याचा पास त्याच दिवशी काढून घेतला. कंपनीने त्याला खाली यार्डात काम देऊ केलं, ते त्याने घेतलं नाही. आठवड्याने तो गावी गेल्याचं कळलं.

साइटवर मला कुणी वाईट बोललं नाही. खालची माणसं तर येऊन हात मिळवून गेली. पण दादाच्या जागी आलेला आणि साइटवरच्या बाकीच्या दोन क्रेनवरचे ऑपरेटर माझ्याशी त्यानंतर फक्त ठरलेले शब्द बोलले. ऊपर, नीचे, बस. दोन मालांच्या मधली मिनिटं रिकामी जाऊ लागली. वर्षाअखेरीला सेफ्टी ऑफिसर बाईंनी विचारलं, ऑपरेटरचं शिक्षण घेणार का, कंपनी पाठवायला तयार आहे. मी नाही म्हटलं.  त्या म्हणाल्या, चार महिन्यांनी परत विचारेन.

त्यानंतरच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा चाचा अंथरुणावरच होते. मी त्यांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, दुबईत शेवटची तीन वर्षं माझ्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू होता. सिग्नलमनला माहीत होतं. केरळचा होता. तो मला उजवीकडचं सगळं दोनदा सांगायचा. त्याने कुणाला सांगितलं नाही.

मी विचारलं, मग त्याचं बरोबर होतं?

"काही झालं नाही," चाचा म्हणाले. "त्याला बरोबर म्हणत नाहीत. त्याला नशीब म्हणतात." आणि मग, भिंतीकडे तोंड करून, "पण मी त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो."

चाचा पुढच्या पावसाळ्यात गेले. मला तीन दिवसांची रजा मिळाली आणि एकूण पाच दिवस लागले.

देवरूखला जायचं मी वर्षभर टाळलं. मग एका रजेत रत्नागिरीच्या स्टँडवर उभा असताना समोर देवरूखची एसटी लागली आणि मी चढलो. घर शोधायला त्रास झाला नाही. मास्तरांचं घर कुठलं म्हटल्यावर पहिल्याच माणसाने दाखवलं. गावच्या रस्त्याला लागून दादाने पिठाची गिरणी टाकली होती. पट्टा चालू होता, दादा पिठाने पांढरा झाला होता, चष्म्यावरही पीठ. मला बघितल्यावर त्याने आधी हातातलं दळण पूर्ण केलं, बाईला डबा दिला, मग मोटार बंद केली.

त्याच्या बायकोने चहा दिला. त्याचा बिनसाखरेचा, माझा साखरेचा. त्याने विचारलं, इमारत झाली का. मी म्हटलं, झाली, क्रेन उतरवली, खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आली. कुठे आहेस आता? मी दुसऱ्या साइटचं सांगितलं. केबिनची डाव्या बाजूची काच सारखी धुरकट व्हायची, कंपनीला तीनदा सांगितलं होतं, ती बदलली का असंही त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं.

मग मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. म्हटलं, दादा, त्या दिवशी तुम्ही कुणाला बोलू नको म्हणाला होता.

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तू केलंस ते बरोबर होतं," तो म्हणाला. "पण मी तुझ्या जागी असतो तर केलं नसतं. गुळाचा खडा पाठवला असता."

 त्याच्या बायकोने आतून विचारलं, जेवून जाणार ना. तो म्हणाला, "जेवूनच जाईल. एसटी तीनला हाय."

जेवताना त्याने आपण होऊन सांगितलं की मेडिकलच्या आधी आठ दिवस तो भात बंद करायचा, गोळ्या वाढवायचा, सगळं जमवून आणायचा. सहा वर्षं असं चाललं. बायकोला माहीत होतं. ती प्रत्येक मेडिकलच्या दिवशी इथे जीव मुठीत धरून बसायची, तो पास होऊ नये म्हणून. हे तिने मला त्याच्यासमोरच सांगितलं आणि तो ताटातलं जेवत राहिला. तो घरी आल्याच्या दिवशी ती रडली, ते त्याला वाटलं नोकरी गेली म्हणून.

ऑपरेटरचं विचारतायत मला, मी त्याला सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलंय, अजून हो म्हटलं नाही. तो म्हणाला, "घे की. कुणीतरी बसणारच हाय तिथं." मग जेवणाच्या डब्याबद्दल, उन्हाळ्यात केबिनच्या कुठल्या बाजूला पडदा लावायचा त्याबद्दल आणि वारा वाढला की यंत्राच्या आकड्यावर नाही तर खालच्या झाडांवर कशी नजर ठेवायची त्याबद्दल तो तीन वाजेपर्यंत बोलत राहिला. वॉकीटॉकीवर एका वर्षात बोलला नसेल एवढं.

मी शिक्षण घेतलं. आता एका चौपन्न मजली इमारतीवर आहे. सध्या एकोणीस मजले झालेत. माझा सिग्नलमन झारखंडचा आहे, नीट बोलतो, घाई करत नाही. दर सहा महिन्यांनी माझी मेडिकल होते. गेल्या खेपेला रक्तदाब जरा वरच होता, डॉक्टरने आठवड्याने परत बोलावलं. त्या आठवड्यात मी खाली राहिलो आणि केबिनमध्ये दुसरा माणूस बसला. बायकोला मी ते त्याच दिवशी फोन करून सांगितलं.